बर्लिनच्या दारावरची आडनावं
कधी बर्लिनला गेलात, तर एखाद्या इमारतीच्या दाराशी जरा थांबा. बेलच्या बटणांशेजारी सहसा फ्लॅट नंबर नसतात, आडनावं असतात. पोस्टमनही तीच वाचतो, म्हणजे नाव नसेल तर पत्र परत गेलंच समजा! म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर. शुल्झ म्हणजे गावचा प्रमुख, आपला पाटीलच म्हणा ना.

आता खाली फुटपाथकडे पाहा. काही दारांपुढे १० सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेले हे ‘श्टोल्परश्टाइन’, म्हणजे ठेच लागणारे दगड. नाझींनी छळलेल्या माणसांची नावं, त्यांच्याच घरापुढे. १९३८ साली नाझी सरकारने ज्यू नावांची यादी काढली. ज्यांचं नाव त्यात नव्हतं, अशा ज्यू पुरुषांना १ जानेवारी १९३९ पासून ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ हे नाव जोडणं सक्तीचं झालं. हिब्रूत सारा म्हणजे राजकन्या. इतकं गोड नाव, पण ते शिक्क्यासारखं मारलं गेलं!

पितळेवरची अक्षरं बारीक असतात. वाचायला तुम्हाला खाली वाकावंच लागेल.