नखी कोठें पडते?

आमच्या एकत्र कुटुंबांत वाद्यावरून तंटा असा कधीं झाला नव्हता. तो गेल्या वर्षीं पुतण्याच्या विजेच्या गिटारीनें घडवून आणला. ऐन परीक्षेच्या दिवसांत माडीवरून येणारा तो कर्कश नाद ऐकून आम्ही रागाच्या भरांत "हें वाद्य उद्यांच विकून टाक!" असें बोलून गेलों. मुलानें मान खालीं घातली व तो म्हणाला, "काका, दोष वाद्याचाच आहे. याहून भारी गिटार मिळाली तर नाद गोड येईल."

आम्ही चपापलों. तीस वर्षांपूर्वीं सतार खुंटीला टांगतांना आम्हींहि वडिलांना हेंच सांगितलें होतें.

दुसऱ्या दिवशीं माडीवर जाऊन आम्ही त्याचा उजवा हात निरखीत बसलों. नखी अगदीं घोडीलगत पडत होती! तारेच्या टोकाशीं आघात केला म्हणजे मूळ स्वराच्या मानानें वरचे सूक्ष्म स्वर बळावतात व नाद धारदार होतो. मध्याकडे सरकावें तसा तो भरदार व मऊ होत जातो. तारेखालचा 'पिकअप', म्हणजे चुंबकाभोंवतीं गुंडाळलेलें तारेचें वेटोळें, हें कंपन विजेंत उतरवितो; पण हातानें तारेंत जें घातलेंच नाहीं, तें त्यास कोठून मिळणार?

हा मध्यहि एका जागीं राहत नाहीं. १९५४ सालीं निघालेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीची मोकळी तार २५.५ इंच भरते. बाराव्या पडद्यावर बोट दाबलें कीं ती निम्मी होते, आणि १२.७५ इंचांवरचा मध्य घोडीपासून सुमारें ६.४ इंचांवर येतो. म्हणजे उजवा हात न हलवितांहि नादाचा पोत पालटतो. शिवाय नखी सपाट पडते कीं तिरपी, घट्ट धरली कीं सैल, याचा परिणाम निराळाच.

पुतण्यानेंच मग एक हकीकत सांगितली. अमेरिकेंतील वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) हा वादक नखी सोडून अंगठ्याच्या मांसल भागानें तारा छेडीत असे. रात्रीं शेजाऱ्यांस त्रास होऊं नये म्हणून ही संवय लागली, असें म्हणतात. त्यावर वहिनी जिन्यांतूनच म्हणाल्या, "असा एखादा आमच्या घरींहि जन्मावा!"

मुलानें हात चार बोटें पुढें सरकविला, नखी थोडी सैल धरली. तीच गिटार, त्याच तारा. पण खालीं माजघरांत कोणी कपाळाला आंठी घातली नाहीं. आम्हीं आमची आज्ञा मागें घेतली व त्यानें नव्या गिटारीचा हट्ट सोडला.

त्या रात्रीं सतार खुंटीवरून उतरविली. जवारी बिघडली आहे, असें म्हणण्याचा मोह अद्यापि होतो. पण "आधीं हात पाहा," असें वडील म्हणत. तो आम्ही आतां कोठें पाहूं लागलों आहों.