स्लॅबवरचा माझा भरवसा

भूकंपात गरीब मरतो, श्रीमंत वाचतो, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. पुरावा घरचाच होता. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि सात हजारांहून जास्त माणसं गेली. तीव्रता 6.2च्या आसपास. पुढच्याच जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7चा धक्का बसला, तिथले मृत साठाच्या घरात. फरक माळवदाचा होता: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं छतच अंगावर आलं. पैसा येऊ दे, आरसीसी होऊ दे, प्रश्न मिटेल, एवढं माझं तत्त्वज्ञान.

भिवंडीत राहून ते टिकलं नाही. इथे लूम आले, गोदामं आली, स्लॅबवर स्लॅब चढले. 21 सप्टेंबर 2020ला पहाटेच पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. 2023च्या एप्रिलमध्ये वळपाड्याची इमारत बसली. दोन्ही वेळा जमीन हललीसुद्धा नव्हती. आणि शेजारच्या पालघरात, डहाणू-तलासरीकडे, 2018पासून धक्के बसताहेत.

मग बांधकामं जवळून बघू लागलो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा असतात. त्यांची टोकं 135 अंशांत आत, कॉलमच्या पोटात वळवायची असतात. म्हणजे हादऱ्यात वरचं काँक्रीट झडलं तरी रिंग उघडत नाही. काटकोनात सोडलेली उघडते, सळया बाहेर फुगतात, कॉलम बसतो. नीट वळवायला जास्तीचा खर्च जवळजवळ नाहीच. कटकट तेवढी आहे. माल ओतल्यावर मात्र काहीच दिसत नाही, म्हणून आधी कोणीतरी बघावं लागतं.

2010मध्ये हैतीत 7.0च्या भूकंपाने लाखावर माणसं मेली. दीडेक महिन्याने चिलीत 8.8चा आला, मृत पाचशेच्या आसपास. चिली काही अमेरिका नव्हे. पण तिथे इमारतीचा सांगाडा सदोष निघाला, तर बांधून विकणारा दहा वर्षं कायद्याने जबाबदार राहतो. उलट 2001च्या भूकंपात भूजपासून जवळपास तीनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत पडले ते चांगल्या वस्तीतले फ्लॅट. माळवद गेलं आणि तपासणारा आलाच नाही, ही मधली अवस्था मला आता गरिबीपेक्षा जास्त भीतीची वाटते.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत वाढीव स्क्वेअर फुटांवर तास गेला. कॉलम ओतताना कोण तपासणार, असं मी विचारलं. "ते बिल्डर बघेल ना," चेअरमन म्हणाले. पुढच्या सभेसाठी तो विषय मी लेखी दिला आहे.