फार्मरचा सूर

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'द टर्मिनल' (2004) या सिनेमात टॉम हँक्सचा नायक न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकून पडतो. तो आलेला असतो एका सहीसाठी. 1958 साली हार्लेममधल्या एका घराच्या पायऱ्यांवर 57 जॅझ वादकांना उभं करून आर्ट केन यांनी एक फोटो काढला होता. नायकाच्या वडिलांनी आयुष्यभर त्या वादकांच्या सह्या जमवल्या, पण बेनी गोल्सन या सॅक्सोफोनवादकाची तेवढी राहिली. सिनेमात गोल्सन स्वतः दिसतात आणि वाजवतातही. त्याच फोटोत त्यांचा मित्र, ट्रम्पेटवादक आर्ट फार्मर उभा आहे. फोटोबद्दल लिहिणारे थेलोनियस मंक, काउंट बेसी, डिझी गिलेस्पी यांची नावं घेतात, फार्मरपर्यंत कुणी फारसं पोहोचत नाही. मी मात्र तो फोटो समोर आला की आधी त्यालाच शोधते.

माझ्या कानाला ठाऊक होता तो वरातीतला ट्रम्पेट. कोल्हापुरात लग्नसराईत आमच्या गल्लीतून बँड जायचा, आणि बाकीच्या सगळ्या वाद्यांच्या वर चढलेला त्याचा झळझळीत आवाज पलीकडच्या चौकातूनच कळायचा. पुढे 'अलबेला'मधल्या 'शोला जो भडके'त तो पुन्हा भेटला. सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या या सिनेमात पडद्यावर दिसणारे बँडवाले म्हणजे चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार. चिक चॉकलेट म्हणजे मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ. ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. गोव्यात चर्चच्या शाळांतून सुरांचं लेखन-वाचन शिकून आलेल्या अशा वादकांनी आपल्या चित्रपटसंगीतात ट्रम्पेट आणला. त्यांचं ते वाजवणं मला आजही आवडतं. पण ते चारचौघांत, मोकळ्यावर करायचं बोलणं होतं. हे वाद्य एकट्या माणसाशी एकांतात बोलू शकतं, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

ते कळलं व्हॉइस ऑफ अमेरिकावरून. विलिस कोनोव्हर हे निवेदक 1955 पासून चार दशकं तिथे जॅझचा कार्यक्रम करत होते. इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही समजावं म्हणून ते एकेक शब्द सुटा करून, सावकाश, खर्जातल्या आवाजात बोलत. मी कॉलेजात होते. बाबा झोपले की त्यांचा रेडिओ माझ्या खोलीत यायचा. शॉर्टवेव्हवर खरखर तर असायचीच, शिवाय आवाज मध्येच लांब जायचा आणि परत यायचा. गिलेस्पीचा ट्रम्पेट ती खरखर फाडून यायचा. फार्मर लागला की रेडिओच्या जाळीला कान लावून बसावं लागे. तो आवाज मोठा करून भागायचं नाही, कारण खरखरही तेवढीच मोठी व्हायची. आपणच जवळ जायचं. त्याच्या वाजवण्याशी माझं जे नातं जुळलं, ते या जवळ जाण्यातून.

आर्ट फार्मर जन्मला 21 ऑगस्ट 1928 रोजी, आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्समध्ये. त्याच्याबरोबर त्याचा जुळा भाऊ ॲडिसनही जन्मला. तो पुढे बेस वाजवू लागला. दोघं ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वाढले आणि 1945 मध्ये, शाळकरी वयातच, आपले आपण लॉस एंजेलिसला गेले. जॉनी ओटिसच्या बँडमध्ये आर्टला काम मिळालं, पण रोज रात्री तासन्‌तास वाजवून त्याचा ओठ फाटला आणि काही महिन्यांतच ते काम सुटलं. ट्रम्पेटवाल्याचा ओठ म्हणजे गायकाचा गळा. मुखनळी ओठावर दाबून जोर काढायची सवय त्याला मोडावी लागली. न्यूयॉर्कमध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झाडलोटीची नोकरी करत तो फुंकायचं कसं हे पुन्हा मुळापासून शिकला. गिलेस्पीच्या बँडसाठी परीक्षा दिली, तिथे निवड झाली नाही, तेव्हा पश्चिम किनाऱ्याला परतला. त्याच्या सुरातल्या मऊपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा मला हा फाटलेला ओठ आठवतो. तो मऊपणा त्याला उपजत मिळाला नव्हता. त्यानं तो मेहनतीनं कमावला होता.

पुढचा प्रवास मोठ्या नावांच्या सोबतीनं झाला. 1953 मध्ये तो लायोनेल हॅम्पटनच्या बँडबरोबर युरोपात गेला, तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवर क्लिफर्ड ब्राउन आणि क्विन्सी जोन्स होते. परतल्यावर हॉरेस सिल्व्हर, मग जेरी मलिगन. मलिगनच्या चौकडीत पियानो नव्हताच, त्यामुळे ट्रम्पेटवाल्याला लपायला जागा नाही. जॉर्ज रसेलसारखे वेगळ्या वाटेचे रचनाकारही आपल्या अवघड रचना वाजवायला त्यालाच बोलावत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला माइल्स डेव्हिस व्यसनापायी स्वतःचं वाद्य गमावून बसला होता, तेव्हा तो फार्मरचाच ट्रम्पेट भाड्यानं नेत असे. 1959 मध्ये फार्मर आणि गोल्सन यांनी 'जॅझटेट' नावाचा बँड काढला. पुढे जॉन कोल्ट्रेनच्या साथीला नावाजलेला मॅकॉय टायनर तेव्हा त्यांच्या पियानोवर होता.

मुंबईत नोकरीला लागल्यावर पगाराच्या आठवड्यात काळाघोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जाणं हा माझा नेम झाला. (ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. त्या कोपऱ्यावरून जाताना अजून पाय अडखळतो.) तिथे मला फार्मरची 'आर्ट' ही ध्वनिमुद्रिका मिळाली. ध्वनिमुद्रण 1960 चं, पियानोवर टॉमी फ्लॅनगन. तीत 'गुडबाय, ओल्ड गर्ल' हे 'डॅम यांकीज' या संगीतिकेतलं गाणं आहे. उतारवयाकडे झुकलेला एक नवरा घर सोडताना बायकोचा निरोप घेतो, असा त्याचा प्रसंग. जॅझवाले सहसा या गाण्याच्या वाटेला जात नाहीत. फार्मर त्याची चाल जवळजवळ आहे तशी वाजवतो. फरक असतो तो एखादा सूर किंचित उशिरा घेण्यात. तालानं बोलावलं की तो लगेच धावत नाही. ठोका पडून जातो, आपण वाट पाहतो, मग सूर येतो आणि असा येतो की त्याची जागा आधीपासून तीच होती. ओळ संपवतानाही तो वरच्या पट्टीत जाऊन टाळी घेत नाही. मधल्या सप्तकात, श्वास पुरतो तिथे थांबतो. आणि थांबतो तेव्हा ती शांतता रिकामी वाटत नाही, ओळीचाच भाग वाटते.

भावगीतं ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं नव्हतं. गजाननराव वाटवे यांच्यापासून पुढच्या सगळ्या चांगल्या भावगीतगायकांनी आपल्याला एक गोष्ट शिकवून ठेवली आहे: शब्द कुठे सोडायचा आणि श्वास कुठे घ्यायचा यावर अर्थ ठरतो. फार्मरकडे शब्द नाहीत. तरी तो श्वास घेतो शब्दांच्या हिशेबानंच.

पण त्याला नुसता हळवा वादक समजणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. जलद गतीत तो तितकाच चपळ आहे, लय त्याच्या बोटांत पक्की आहे. 1952 मध्ये वॉर्डेल ग्रेबरोबर केलेलं त्याचं 'फार्मर्स मार्केट' ऐकलं की शंका उरत नाही. वेगातही तो वाक्य पूर्ण करतो, आणि माझ्या लेखी त्याचं गाणारेपण आहे ते तिथे. संथ गाण्यात गोड वाजवणारे पुष्कळ आहेत. धावताना चाल न सोडणारे थोडे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं ट्रम्पेट बाजूला ठेवून फ्ल्यूगलहॉर्न हातात घेतलं. दिसायला दोन्ही भावंडं. पण ट्रम्पेटची नळी बराच भाग एकाच जाडीची असते, तर फ्ल्यूगलहॉर्नची हळूहळू रुंद होत जाते, मुखनळीही खोलगट. त्यामुळे आवाजाची धार जाते, गोलाई येते. धोकाही तोच असतो. बेसावध वादकाच्या हातात हे वाद्य नुसतं धुरकट वाजतं. फार्मरच्या हातात प्रत्येक सुराला कणा राहतो.

मग 1962 च्या सुमारास गिटारवादक जिम हॉल त्याच्या सोबतीला आला. पुन्हा पियानो नाही. बेसवर स्टीव्ह स्वॉलो. 1963 मध्ये ॲडिसन अचानक गेला तेव्हा जुळ्या भावांचं वय होतं 34. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात 'इंटरॲक्शन' ध्वनिमुद्रित झाली. त्या वाजवण्यात मला दुःख ऐकू येतं असं मी म्हणणार नाही, ते माझं मागाहूनचं ज्ञान असेल. ऐकू येतं ते दोन माणसांचं एकमेकांकडे असलेलं संपूर्ण लक्ष. हॉल एखादी ओळ अर्धी ठेवतो, फार्मर ती उचलतो. फार्मर थांबतो तिथे हॉल दोन सुरांत उत्तर देतो आणि बाजूला होतो. इतक्या कमी सुरांत इतकं बोलणारी जोडी जॅझमध्ये मला दुसरी माहीत नाही.

1964 च्या वसंतात ही चौकडी स्टॉकहोमला होती आणि तिथे त्यांनी स्वीडिश लोकगीतांची 'टू स्वीडन विथ लव्ह' केली. पीट ला रोका ड्रम्सवर. माझ्याकडच्या सगळ्या संगीतात ही मला सर्वांत प्रिय आहे. लोकगीताची चाल साधी असते, आणि साधी चाल वाजवताना हुशारी दाखवायचा मोह कसलेल्या वादकालाही आवरत नाही. इथे चौघांनीही तो आवरला आहे.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या खोलीत मी ती बऱ्याचदा लावत असे. त्यांनी जन्मभर जॅझ ऐकलं नव्हतं, माझ्या या वेडाकडे ते लांबूनच पाहत आले होते. एका दुपारी 'दे सोल्डे सीना हेम्मन' संपल्यावर ते म्हणाले, "परत लाव." पुन्हा ऐकून झाल्यावर विचारलं, "ह्याचे शब्द काय गं?" मी सांगितलं, घरदार, जमीन विकून समुद्रापलीकडे अमेरिकेला निघालेल्या लोकांचं गाणं आहे. ते काही बोलले नाहीत, मानेनंच हो म्हणाले. शब्द नसलेल्या वादनातले शब्द त्यांनी विचारले, यापेक्षा मोठी दाद फार्मरला कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांचं गाणं वाजवणारा हा माणूस चार वर्षांनी स्वतःच अमेरिका सोडून निघाला. रॉकच्या लाटेत तिथे जॅझवाल्यांची कामं आटत चालली होती. 1968 मध्ये तो व्हिएन्नाला गेला. ऑस्ट्रियन रेडिओच्या वाद्यवृंदात काम मिळालं, तिथेच त्यानं घर केलं, आणि तिथूनच जगभर वाजवायला जात राहिला. त्याचं नाव मागे पडायचं एक कारण हेच. जॅझचा बाजार न्यूयॉर्कमध्ये, समीक्षक न्यूयॉर्कमध्ये, आणि हा डॅन्यूबच्या काठी. दुसरं कारण त्याच्या चरित्रात आहे. माइल्सभोवती वलय होतं, चेट बेकरचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्याची पडझडही होती, क्लिफर्ड ब्राउन 25 व्या वर्षी अपघातात गेला. फार्मर रियाज करत राहिला आणि वर्षानुवर्षं चांगलं वाजवत राहिला. सातत्याची गोष्ट रंगवून सांगता येत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. आम्हा श्रोत्यांचंच हे अपुरेपण आहे, आणि त्याची किंमत त्याच्यासारखे कलावंत मोजतात.

त्याचं उतारवयातलं वाजवणं मला आता, माझ्याही या वयात, अधिक जवळचं वाटतं. 1988 ची 'ब्लेम इट ऑन माय यूथ' ऐका. ऑस्कर लेव्हंटचं हे गाणं तरुणपणीच्या भाबड्या प्रेमाचं आहे. साठीच्या उंबरठ्यावरचा फार्मर ते वाजवतो तेव्हा त्यात तक्रार नसते, आठवण असते, आणि आवाजाला कुठेही थकवा नसतो. पुढे डेव्हिड मोनेट या कारागिरानं त्याच्यासाठी ट्रम्पेट आणि फ्ल्यूगलहॉर्न यांच्या मधलं 'फ्लम्पेट' हे वाद्य घडवलं आणि अखेरपर्यंत तो तेच वाजवत होता. 1999 मध्ये अमेरिकेनं त्याला 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, 71 व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तो गेला.

तुम्ही त्याला अजून ऐकलं नसेल तर 'टू स्वीडन विथ लव्ह'पासून सुरुवात करा, मग 'आर्ट', मग 'इंटरॲक्शन'. या तिन्ही आज घरबसल्या मिळतात, शॉर्टवेव्हची खरखर आता मध्ये येत नाही. फक्त काम करता करता मागे लावून ठेवू नका. एका बाजूची वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ दुसरं काही करू नका.