भिंतीवरचे पांढरे ठिपके

गेल्या शनिवारी दुपारी ताईचा फोन. "अरे, तुझं ते कॉम्प्युटरचं डोकं घेऊन जरा इकडे ये." ताई आर्किटेक्ट आहे. आणि मी इंजिनिअर असल्यामुळे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं माझ्याच खात्यात येतं, असं तिचं ठाम मत आहे.

पण ह्या वेळी मामला घरचा होता. राजापूरजवळ गावी आमचं घर नव्याने बांधायचं चाललंय, बाबांच्या फंडाच्या पैशातून. ताईचं म्हणणं, भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि तशाच उघड्या ठेवायच्या. बाबांचं म्हणणं, सरळ गिलावा करून रंग मारा, उघड्या चिऱ्याला ओल धरते, लोणा लागतो. सोमवारी ठेकेदाराला काय ते नक्की सांगायचं होतं. म्हणून ताईने ब्लेंडरमध्ये घर उभं केलं आणि सकाळच्या उन्हातलं चित्र बाबांना व्हॉट्सॅपवर पाठवलं. बाबांचं एका ओळीत उत्तर आलं, "लोणा आत्ताच लागलेला दिसतोय."

झालं! जाऊन बघतो तर पडवीच्या भिंतीवर खरंच पांढरेफटक ठिपके. रेंडरिंगवाले ह्यांना फायरफ्लाय म्हणतात, म्हणजे काजवे. नाव गोड आहे, पण ताईच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

मी आधी नेहमीचा आयटीवाला उपाय केला, जोर लावला. सॅम्पल्स १०२४ होते ते ४०९६ केले. पंचवीस मिनिटांचं रेंडर पावणेदोन तासांवर गेलं, लॅपटॉपवर पोळ्या भाजता आल्या असत्या. ठिपके तिथेच! गणितच तसं आहे म्हणा. ह्या पद्धतीत नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल्स चौपट लागतात, आणि काजवे त्याहून हट्टी.

ते का होतात, ते ताईला मी असं सांगितलं. पाथ ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडायचे, ते आपटत आपटत उजेडापर्यंत पोचतात का ते बघायचं आणि सरासरी काढायची. आता समज, चाळीतल्या दहा जणांना पगार विचारला आणि त्यात एक निघाला करोडपती. सरासरी काढली की अख्खी चाळ श्रीमंत! पांढरा ठिपका म्हणजे ही चाळ. शेजारच्या पिक्सेलला तो करोडपती भेटतच नाही, म्हणून तो बिचारा काळपटच राहतो.

"मग आपल्या पडवीत करोडपती कोण आहे?" ताईने विचारलं. हा प्रश्न मला पावणेदोन तास आधी पडायला हवा होता.

एकेक वस्तू लपवत भिंतीचा तेवढाच तुकडा रेंडर करत गेलो. सापडला! ताईने हौसेने ठेवलेला तांब्याचा हंडा. त्याचा रफनेस शून्य, म्हणजे निव्वळ आरसा. भिंतीवरून उसळलेला एखादाच किरण हंड्यावर जायचा आणि तिथून नेमका सूर्याला लागायचा. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद, पण त्याचं तेज केवढं! हंड्याचा रफनेस वाढवला, परावर्तनाचे कॉस्टिक्स बंद केले, बहुतेक ठिपके गेले.

खिडक्यांची भानगड वेगळी होती. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये काच लावली की सूर्याकडे जाणारा सावलीचा किरण तिथेच अडतो, म्हणून आतल्या खोल्या काळ्या ठिक्कर दिसत होत्या. तेवढ्या किरणापुरती काच पारदर्शक केली. दिसायला काच, उन्हाला नुसती हवा.

उरलेल्या चारदोन काजव्यांना क्लॅम्प. पण हे औषध जपून द्यायचं. क्लॅम्प म्हणजे करोडपतीचा पगार कागदावर कमी लिहिणं. फार कमी लिहिला तर अंगणातून उसळून वळचणीखाली येणारा उजेडही मरतो, आणि मग कोकणातली पडवी ती काय उरली?

शेवटी डीनॉइझर. इंटेलचा ओपन इमेज डीनॉइझ २०१९ पासून ब्लेंडरमध्ये आहे. पहिल्यांदा त्याला नुसतं चित्र दिलं, तर त्याने चिऱ्याची सगळी भोकं इतकी गुळगुळीत केली की भिंतीला गिलावाच झाला! "हेच पाठव बाबांना, खूष होतील," ताई म्हणाली. मग रंगाचा आणि पृष्ठभागाच्या दिशेचा, म्हणजे अल्बेडो आणि नॉर्मल असे दोन पासही जोडून दिले. आता भोकं म्हणजे नॉइज नाही हे त्याला कळलं. नॉइज थ्रेशोल्डही लावला, म्हणजे कोऱ्या आकाशावर वेळ न घालवता मशीन पडवीत राबतं. सगळं धरून अकरा मिनिटं.

(हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे. पण मॅन्युअल वाचलं तर इंजिनिअर कसले!)

रविवारी रात्री चित्र पाठवलं. दोन निळ्या टिका, मग बराच वेळ काहीच नाही. ताईने तेवढ्यात दोनदा चहा केला. साडेनऊला बाबांचा फोन आला. "पुढची भिंत राहू दे तशीच. मागची पश्चिमेची मात्र गिलावा करून घ्यायची, तिकडून पाऊस झोडपतो." ताई काहीच बोलली नाही, नुसती मान हलवत राहिली. फोनवर मान दिसत नाही हे तिच्या लक्षातच नव्हतं.

मग आई फोनवर आली. "चित्र छान आहे गं. पण तो हंडा इतका कळकट का ठेवलायस? जरा चिंच लावून घासायचास की."