ओकच्या फळ्या

न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर सुरू झाला, की आमच्या जमिनीच्या ओकच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. कोरड्या हवेत लाकूड रुंदीत आक्रसतं, जुलैच्या दमट हवेत पुन्हा फुगतं. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही.

आज बर्फावरचं मीठ बुटांबरोबर आत आलं. त्याचे खडे पॉलिशवर ओरखडे काढतात. म्हणून आधी मऊ झाडू, मगच घट्ट पिळलेलं फडकं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं.

आई आली होती तेव्हा सवयीनं बादलीभर पाणी घेऊन आली. पुण्याच्या शहाबादी फरशीवर ते चालायचं. तिला थांबवताना मलाच वाईट वाटलं. मग तिनं ओणवी होऊन खिडकीजवळची एकेक फळी पुसली. ती जागा मी अजून हातानंच पुसते.