अष्टमीचं पाणी

मायामीच्या पूर्वेला ऐंशी किलोमीटरवर, कर्कवृत्ताच्या थोडं उत्तरेला, बिमिनीची चिंचोळी बेटं आहेत. बहामा देशाची ही पश्चिमेकडची कड. उत्तर बिमिनीची रुंदी काही ठिकाणी इतकी कमी, की या किनाऱ्यावरून निघालेला माणूस पाच मिनिटांत त्या किनाऱ्याला पोचतो. तेवढ्या वाटेत समुद्र पार बदलून जातो. पश्चिमेला गल्फ स्ट्रीम, जांभळ्या निळाईचा, शेकडो मीटर खोल, उत्तरेकडे अखंड वाहणारा. पूर्वेला ग्रेट बहामा बँकेचं चुनखडीचं पठार. त्याच्या कडेच्या उथळ पाण्यात पांढऱ्या वाळूवरचा खेकडासुद्धा उभ्याउभ्या दिसतो.

या उथळ पाण्यात बोनफिश येतो, आणि त्याच्यासाठी मला तिथे गरवायला जायचं आहे. खायला नाही, बहामात त्याची खरेदी-विक्री आणि जाळ्याने धरणं कायद्याने बंद आहे. गळाला लागलेला बोनफिश हातात घ्यायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. त्याच्या चंदेरी खवल्यांत वाळूचा, गवताचा, आभाळाचा रंग उतरतो. मासा दिसत नाही. वाळूवर सरकणारी सावली तेवढी दिसते. भरतीबरोबर तो चढत्या पाण्यात शिरतो, तोंड वाळूत खुपसून खेकडे नि कोळंबी शोधतो, आणि तेव्हा त्याच्या शेपटीचं टोक पाण्याबाहेर येऊन उन्हात लखलखतं. वाटाड्या होडीच्या मागल्या टोकाला उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो आणि हलक्या आवाजात दिशा सांगतो. होडीचं नाक म्हणजे बारा वाजले, मासा दहा वाजता. तिथे दोर अलगद पडला पाहिजे. पाणी खळबळलं तर सगळा थवा दिसेनासा होतो.

अशा सहलीची आखणी कुठून सुरू करायची? सुट्टी कधी मिळते, विमान कधी स्वस्त, हे मीही पाहणारच आहे. पण त्याआधी चंद्र पाहायचा असं मी ठरवलं आहे. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, बोनफिशचे थवेच्या थवे उथळ पाणी सोडून खोल समुद्राच्या कडेला जमतात. त्यासाठी कित्येक मासे दूरदूरहून पोहत येतात. संध्याकाळ झाली की ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, आणि काळोखात सगळे मिळून खोल उतरतात. गुडघाभर पाण्यात जगणारा हा मासा त्या रात्री शंभर मीटरांहून खोल जातो आणि तिथे अंडी सोडतो. अंड्यांतून निघालेली काचेसारखी पारदर्शक, फितीच्या आकाराची पिल्लं जवळजवळ दोन महिने प्रवाहावर तरंगतात. मग एखाद्या किनाऱ्याला लागतात आणि तिथे आधी चक्क आखूड होतात. माशाचं रूप त्यांना त्यानंतर येतं. हे वाचल्यापासून पौर्णिमेचं चांदणं मला नुसतं चांदणं वाटत नाही. त्या दिवसांत जमलेल्या थव्यावर गळ टाकणं सोपं असतं, पण ते मला करायचं नाही. मांडवाच्या दारात वऱ्हाड अडवू नये.

म्हणून अष्टमी. कोकणातल्या कोळ्याला हे तिथीवरूनच कळतं: पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाचं पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढतं. बिमिनीची भरती जेमतेम अडीच-तीन फुटांची. पण सपाट वाळूवर तेवढं पाणी पुष्कळ दूर पसरतं. भांगाला ओढ कमी असते. मासे विखुरलेले, आपापल्या खाण्यात गुंतलेले असतात. एकेक सावली शोधत जावं लागतं, आणि मला तेच हवं आहे.

महिना एप्रिल. एक जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे आले की उथळ पाणी गार पडतं आणि मासे खोलात निघून जातात. शिवाय वसंतात लेमन शार्कच्या माद्या बिमिनीच्या खाजणात विण्यासाठी येतात. 1990 पासून तिथे शार्क-संशोधन केंद्र आहे. सॅम्युअल ग्रुबर यांनी ते उभं केलं. तिथल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून 2013 साली सिद्ध झालं, की या खाजणात जन्मलेल्या काही माद्या चौदा-सतरा वर्षांनी विण्यासाठी इथेच परत आल्या. पिल्लं पहिली काही वर्षं खारफुटीच्या मुळांमध्ये काढतात. याच बेटावरची बरीच खारफुटी बांधकामासाठी तोडली गेली आहे. माहेरी आलेल्या मादीला माहेरच सापडू नये, याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

याच खारफुटीत 1964 साली मार्टिन ल्यूथर किंग शांतता शोधत आले होते. ॲन्सिल सॉन्डर्स नावाच्या वाटाड्याने त्यांना आपल्या होडीतून आत नेलं. सॉन्डर्स स्वतः होड्या बांधणारे, बोनफिशचे जाणकार. त्या होडीत बसून किंगनी नोबेल स्वीकाराच्या भाषणावर काम केलं, आणि सॉन्डर्सनी त्यांना सृष्टीच्या निर्मितीवर स्वतः रचलेलं स्तोत्र म्हणून दाखवलं. 1968 साली किंग पुन्हा तिथे आले. त्याच वर्षीच्या 4 एप्रिलला मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. आता त्या खारफुटीत त्यांचा अर्धपुतळा आहे. मी तिथे गळ न टाकता थांबणार आहे. ज्या पाण्यावर एका माणसाला न्यायाचे शब्द सापडले, त्या पाण्याकडे आणखी काही मागावंसं वाटत नाही.

सामानाची यादी छोटी आहे: हलका दांडा, रीळ, पाण्यावरची चमक कापणारा पोलरॉइड चष्मा, लांब बाह्यांचा सदरा आणि बहामा सरकारचा मासेमारी परवाना. गळाचा उलटा काटा घरूनच चिमट्याने दाबून नेणार आहे, म्हणजे माशाच्या जबड्यातून तो क्षणात सुटेल. हात ओले करून धरायचं, मासा शक्यतो पाण्यातच ठेवायचा. हवेत फार वेळ राहिलेला बोनफिश सोडल्यावर भोवंडतो, आणि त्याच पाण्यात फिरणाऱ्या बाराकुडाला किंवा शार्कला आयता सापडतो. म्हणून माशाला हातात घेऊन फोटो काढायचा नाही. जवळपास शार्क दिसला, तर त्या जागी दोरच टाकायचा नाही.

तुम्हीही कधी बिमिनीला किंवा अशा एखाद्या बेटावर गरवायला निघालात, तर तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा. पौर्णिमा-अमावास्येचे दिवस माशांना राहू द्या, आणि आपण अष्टमीला जा.