शहरातले जेवण

सुवर्णमहोत्सवाच्या समितीने आमच्या तुकडीकडे एक साधे काम सोपविले. महोत्सवासाठी दूरदूरहून येणारे माजी विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे दोन दिवस शहरात उतरतील, लेणी पाहतील, तेव्हा त्यांनी कुठे जेवावे, काय खावे, याविषयी स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, एवढेच. आम्ही आनंदाने होकार दिला. लिहावयास बसलो तेव्हा मात्र लक्षात आले की, 'बाहेर जेवणे' ही गोष्ट आमच्या लेखी कधीच साधी नव्हती.

प्रथम शहराविषयी. १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी वसविलेले, पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले आणि आज छत्रपती संभाजीनगर असे नाव धारण करणारे हे शहर दरवाजांचे आहे. या दरवाजांच्या आतले खाणे वेगळे आणि बाहेरचे वेगळे, असा आमचा अनुभव. आतल्या शहराचा मानबिंदू म्हणजे नान खलिया. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलविली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला असे इथे परंपरेने सांगतात. मोठ्या भट्टीत भाजलेला मऊ नान, त्यावर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरविलेला, म्हणून तो सोन्यासारखा पिवळा दिसतो. आणि सोबत मटणाचा पातळ रस्सा, वर लालसर तवंग आलेला. तो दिसतो तितका तिखट नसतो. मोठ्या फौजेला एकाच वेळी जेवू घालायचे तर असाच पदार्थ हवा, हे पहिल्या घासालाच पटते. जे मांसाहार करीत नाहीत त्यांनी नुसता नान चहाबरोबर खाऊन पाहावा. आमच्यातले दोघे तेवढ्यासाठी आजही वाकडी वाट करतात.

हा नान आम्ही प्रथम खाल्ला तो १९९५ च्या डिसेंबरात. आम्ही आठवीत होतो. शाळेची सहल वेरूळला निघाली होती. बरोबर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून बांधून घेतलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे होते. वाटेत एका गावी एस.टी. थांबली. गुरुजींनी सर्वांना चहा सांगितला. टपरीवाल्याने सहज विचारले, "कुठली पोरं?" गुरुजींनी शाळेचे नाव सांगितले. आपल्या शाळेच्या नावातच सर्व काही येते. टपरीवाला काही बोलला नाही. त्याने आम्हांला बाकांवरून उठवून बाहेर झाडाखाली बसविले, आणि चहा झाल्यावर म्हणाला, "पेले विसळून पालथे घाला." बाकीच्या गिऱ्हाइकांचे पेले त्याचा पोरगा उचलून नेत होता. आम्ही चाळीस जणांनी रांगेने हौदावर पेले विसळले. वसतिगृहात आपले ताट आपणच धुण्याची शिस्त होती, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्यांना त्यात काही वावगेही वाटले नाही. गुरुजींचा चेहरा पाहून मात्र वाटले.

गुरुजींनी पैसे दिले आणि गाडीत बसले. तासभर ते कोणाशी बोलले नाहीत.

दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी त्यांनी आम्हांला उभे केले आणि १९३४ सालची गोष्ट सांगितली. बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले होते. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे अंग माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी त्यातल्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत धावून आला, या लोकांनी हौद बाटविला म्हणून. जमाव जमला. मोठा वाद झाल्यावर आत जाण्याची परवानगी मिळाली, ती एका अटीवर : किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. तसे घडू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. गुरुजींनी ती आवाज न चढविता सांगितली आणि मग आम्हांला नळावर नेऊन पोटभर पाणी प्यावयास लावले. तहान नसलेल्यांनाही.

वेरूळला पाचव्या लेण्यात आम्ही बराच वेळ बसलो. कैलास पाहण्याच्या घाईत पाहुणे हे लेणे चुकवितात, म्हणून मुद्दाम लिहितो. ११७ फूट खोल असे हे दालन, आणि त्याच्या मधून समांतर गेलेले दोन लांबच लांब, बुटके दगडी ओटे. इथे भिक्खू ओळीने बसून पठण करीत किंवा भोजन करीत, असे अभ्यासक मानतात. या लेण्याला लोक 'महारवाडा' म्हणत आले आहेत. पावसाळ्यात जवळपासचे महार त्यात आसरा घेत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. एकाच ओट्याला बसून जेवणाऱ्या संघाचे दालन आणि त्याला पडलेले हे नाव! गुरुजी नुसते हसले. भाकऱ्या आम्ही बाहेर येऊन झाडाखाली सोडल्या. लेण्यांत काही खाऊ नये. तो नियम आजही पाळावा.

परतीच्या वाटेवर आमचे जेवण वसतिगृहातच ठरलेले होते. परंतु शहरात शिरताच गुरुजींनी गाडी थांबवावयास लावली आणि आम्हांला शहागंजच्या बाजूच्या एका जुन्या गल्लीत नेले. लांबट लाकडी टेबले, दोन्ही बाजूंना बाक, भट्टीचा धूर. शेजारी कोण बसला आहे हे तिथे कोणी विचारीत नव्हते. हमाल होते, शाळकरी पोरे होती, बुरख्यातल्या दोन बायका नान बांधून घेत होत्या. आम्ही आयुष्यात प्रथमच टेबलाशी बसून, कोणी वाढण्याची वाट पाहत होतो. हात कुठे ठेवावेत ते समजेना. नान आले, खलिया आला, आणि मग पुढची वीस मिनिटे कोणी बोलले नाही.

जेवण झाल्यावर आमच्यातला एक उठला. आपली थाळी उचलून तो मोरीकडे निघाला, सवयीने. सकाळचा प्रसंग मनात होताच. पांढऱ्या दाढीचा वाढपी मध्येच आडवा आला, त्याने थाळी काढून घेतली आणि म्हणाला, "रहने दो बेटा, ये अपना काम है।" तो मुलगा तिथेच उभा राहिला आणि त्याला रडू आले. का, ते त्याला सांगता येईना. वाढप्याला वाटले, तिखट लागले. त्याने गुळाचा खडा आणून दिला. त्या मुलाचे नाव लिहिण्याची परवानगी आम्हांला मिळालेली नाही. तो समितीत आहे.

चाळीस मुलांच्या जेवणाचे पैसे गुरुजींनी कुठून दिले हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्या महिन्यात त्यांनी घरी पैसे पाठविले नव्हते.

असो. आता समितीने सोपविलेले काम. गुलमंडीवर इमरती खावी, आणि ती गरम असतानाच. बांधून नेलेली इमरती म्हणजे निव्वळ साखर. चाट-कचोरीही तिथलीच बरी. रात्री उशिरा भूक लागली तर क्रांती चौकाच्या बाजूला काही ना काही मिळते, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. नागसेनवनात जाणे तर होईलच. १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय पाहून झाल्यावर तिथल्या झाडाखाली चहा घ्यावा. चहा सामान्य आहे, जागा नाही. पैठणकडे जाणाऱ्यांनी नाथसागराच्या काठचे ताजे मासे चुकवू नयेत. अजिंठा मात्र शंभर किलोमीटरवर आहे. लहान मुले बरोबर असतील तर डबा घेऊनच निघावे.

महोत्सव जानेवारीत आहे. दौलताबादची सीताफळे तोवर सरलेली असतील, ती पाहावयाची तर दिवाळीच्या सुमारास यावे. पण हुरड्याचे दिवस ऐन भरात असतील. वेरूळच्या रस्त्याला शेतांतून गोवऱ्यांच्या विस्तवावर कोवळी कणसे भाजून, हातावर चोळून देतात; बरोबर लसणाची चटणी, दही, गूळ. आमच्यापैकी बहुतेकांच्या आयांनी दुसऱ्यांच्या शेतांत ज्वारी काढली आहे. तोच हुरडा आज मोटारीतून उतरून, पैसे मोजून खाताना घास क्षणभर हातात थांबतो. मग खातो. चांगला असतो.

गेल्या वर्षी आम्ही पाच जण त्याच रस्त्याने आलो आणि त्या गावी मुद्दाम थांबलो. टपरीच्या जागी पक्के बांधकाम आहे, गल्ल्यावर एक तरुण बसतो. आम्ही आत बाकावर बसलो. चहा कागदी पेल्यांतून आला, शेजारच्या गिऱ्हाइकांनाही तसाच. कुठले, असे कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, आणि यावरून गाडीत आमच्यात बराच वाद झाला. सांगावयास हवे होते असे तिघांचे म्हणणे पडले. चहा जरा गोड होता.

नान खलियासाठी दुपारी एकच्या आत पोचावे. नंतर नान संपतात.